देव वजा केल्यावर: लग्न, मरण, अर्ज आणि नीती

गोदाकाठ (धागाकर्ता)
देव आहे की नाही यावर इथे आधीच ढीगभर धागे आहेत. तो वाद इथे नको. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. समजा एखाद्याचं ठरलं, की देव नाही. मग तो मानतो काय? चांगलं-वाईट कशावरून ठरवतो? आणि व्यवहारात काय करतो: लग्न कसं लावतो, घरात कोणी गेलं तर काय करतो, अर्जातल्या धर्माच्या रकान्यात काय लिहितो? ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ असं म्हणून पळ काढू नका. जाणकारांनी नेमकं लिहावं.

निशाचर
गणपती तोंडावर आले की हा विषय निघतोच. मी कुकर लावून येतो, तोवर होऊ द्या पन्नाशी.

मेधाविनी
निरीश्वरवाद हा एकच नकार आहे: जग घडवणारा, चालवणारा, गाऱ्हाणं ऐकणारा कोणी नाही. बाकी काय मानायचं ते या नकारातून आपोआप निघत नाही, म्हणून देव न मानणाऱ्यांचं आपसात अजिबात पटत नाही. जैन सृष्टिकर्ता मानत नाहीत, पण कर्म आणि पुनर्जन्म मानतात. मीमांसक, म्हणजे वेदातल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, वेद प्रमाण मानतात, यज्ञही सांगतात, जगाचा कर्ता तेवढा नाकारतात. चार्वाक आत्मा, परलोक, वेद सगळंच निकालात काढतो.

कर्त्याचा मुद्दा याच मीमांसकांपैकी कुमारिल भट्टाने सातव्या शतकाच्या सुमारास श्लोकवार्तिकात सोलून काढला आहे. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्या ईश्वरवाद्यांचं म्हणणं असं, की घडा दिसला की कुंभार असणारच, तसं जग दिसतं त्या अर्थी त्याचा कर्ता असणारच. यावर कुमारिल विचारतो, आपण पाहिलेल्या प्रत्येक कुंभाराला शरीर असतं, मग या कर्त्यालाही ते हवं. ते शरीर कोणी केलं? शरीर नाही म्हणाल, तर नुसत्या इच्छेने परमाणू हलतील कसे? दयेपोटी जग केलं म्हणाल, तर तेव्हा प्राणीच नव्हते, दया आली कोणाची? आणि दयाच होती तर सगळे सुखीच का नाही निर्माण केले?

हे लिहिणारा माणूस कट्टर वैदिक होता. देव नाकारला की माणूस सुधारक होतो, हा समज इथेच संपतो. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत ईश्वराची बाजू ताकदीने लढवली आहे, तीही वाचावी. एकतर्फी वाचनाने वाद जिंकल्यासारखा वाटतो इतकंच.

पाटवडी
एवढं सगळं करून शेवट काय, कर्ज काढा आणि तूप प्या!

बोरूबहाद्दर
पाटवडी, त्या तुपावर बरंच पाणी पडलंय. चार्वाकांच्या नावावरच्या श्लोकाचं ‘ऋणं कृत्वा घृतं पिबेत्’ हे रूप चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहातून सगळीकडे गेलं. त्याआधीच्या ग्रंथांत हाच श्लोक येतो तिथे तुपाच्या जागी ‘नास्ति मृत्योरगोचरः’ आहे, म्हणजे मरणाच्या नजरेतून कोणी सुटत नाही. जोवर जगता तोवर सुखाने जगा, मरण कोणालाच चुकलेलं नाही, एवढंच म्हणणं. कर्ज नंतर घातलं गेलं.

चार्वाकांचे ग्रंथ बहुतेक विरोधकांनी खोडण्यासाठी दिलेल्या उताऱ्यांतूनच उरले आहेत, त्यामुळे असं होणारच. जयराशी भट्टाचा तत्त्वोपप्लवसिंह काहीजण त्या परंपरेत धरतात. त्याची पोथी पाटणच्या जैन भांडारात सापडली आणि १९४० मध्ये बडोद्याहून छापली गेली. त्यात मात्र चार्वाक मानतात त्या प्रत्यक्ष प्रमाणावरही, म्हणजे इंद्रियांना दिसतं त्यावरही, प्रश्न आहेत, म्हणून तो चार्वाक की निव्वळ संशयवादी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. पोथी जपली जैनांनी, हे लक्षात असू द्या.

चंद्रभागा
माझा विरोध नोंदवा. तर्काने देव मोडता येईल हो, पण ‘बघतोय कोणीतरी’ हा धाक गेला तर माणूस आवरायचा कसा? शिवाय वारीत, भजनात जे मिळतं ते कुमारिलाच्या श्लोकांत मिळणार आहे का?

मेधाविनी
चंद्रभागाताई, दोन वेगळे मुद्दे आहेत. दुसरा तुमचा खरा आहे, त्यावर नंतर कोणीतरी लिहीलच.

धाकाबद्दल. देवाने सांगितलं म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली आहे म्हणून देवाने सांगितली? पहिलं खरं मानलं तर उद्या त्याने नरबळी मागितला तर तोही चांगला. दुसरं मानलं तर चांगल्याचं माप देवाच्या बाहेर आहे, आणि ते माप न मानणाऱ्यालाही वापरता येतं. हा प्रश्न प्लेटोच्या काळापासून उभा आहे. देव न मानणारे त्या मापाची उत्तरं वेगवेगळी देतात: कोणी सुखदुःखाचा हिशोब करतं, कोणी म्हणतं जो नियम सगळ्यांना लावता येतो तोच नियम, कोणी सहानुभूती आणि समाजाची गरज पुढे करतं. आगरकर पहिल्या गटाच्या जवळचे, मिल आणि स्पेन्सर वाचलेले. १८८८ मध्ये सुधारक हे वृत्तपत्र काढलं तेव्हा देवाच्या आज्ञेऐवजी माणसाच्या हितावर आचार तोलायचा हाच त्यांचा हट्ट होता. त्यापायी पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. धाकाने नीतिमान झालेल्यांनीच काढली ती.

पाटवडी
तूप मागे घेतो. फुल्यांनाही याच रांगेत धरायचं ना?

बोरूबहाद्दर
नाही. फुले निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा, मानत. २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज स्थापन झाला तो निर्मिक आणि माणूस यांच्यामधला दलाल हटवायला. त्यांना नास्तिकांच्या यादीत घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तसंच अंनिसचं. डॉ. दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली ती देव-धर्माबाबत तटस्थ राहून, शोषण करणाऱ्या अंधश्रद्धेला विरोध करण्यासाठी. त्यांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जो जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यात पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन यांना स्पष्ट वगळलं आहे. शिक्षा आहे ती अनुसूचीतल्या कृत्यांना: सहा महिने ते सात वर्षं कैद आणि पाच ते पन्नास हजार दंड. ‘या कायद्याने सत्यनारायण बंद होणार’ असं तेव्हा पसरवलं गेलं होतं. गल्लोगल्ली सत्यनारायण अजून चालू आहेत.

निशाचर
आमच्या गल्लीत तर लाउडस्पीकरवर. असो. र. धों. कर्व्यांना विसरलात.

बोरूबहाद्दर
विसरलो नाही, वेळ आली नव्हती. १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत समाजस्वास्थ्य हे मासिक चालवलं. खटले अश्लीलतेचे झाले, पण चीड संततिनियमनाइतकीच त्यांच्या उघड नास्तिकपणाचीही होती असं माझं मत. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले.

वकीलवाडा
धागाकर्त्याच्या लग्नाच्या प्रश्नाकडे येते. इथे सर्वाधिक घोटाळे होतात, म्हणून सविस्तर.

कोणताही विधी नको असेल तर रस्ता एकच: विशेष विवाह कायदा, १९५४. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीच्या आधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती कार्यालयात लागते, ३० दिवस हरकतींसाठी थांबायचं. हरकत फक्त कायद्यातल्या अटींवरच घेता येते: आधीचं लग्न, वय, मानसिक क्षमता, निषिद्ध नातं. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. मग तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं एक वाक्य म्हणायचं आणि सह्या. झालं लग्न.

चुकतं कुठे ते सांगते. पहिलं, हॉल आधी बुक करतात आणि नोटीस नंतर देतात. ३० दिवसांचं गणित जमत नाही. दुसरं, नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद, पुन्हा पहिल्यापासून. तिसरं, भाडेकराराची मुदत संपलेली असते, वास्तव्याचा पुरावा टिकत नाही. चौथं, दोनच साक्षीदार आणतात, कारण दोन लागतात असं कोणीतरी सांगितलेलं असतं. पाचवं आणि सगळ्यात महत्त्वाचं: हार घालून, प्रतिज्ञा वाचून समारंभ करतात आणि नंतर महापालिकेत नोंदणी करून आणतात, आणि त्यालाच कोर्ट मॅरेज म्हणतात. ती नोंदणी १९९८ च्या कायद्याखालची असते, झालेल्या लग्नाची फक्त नोंद. लग्न वैध आहे की नाही हे हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ वर ठरतं आणि तिथे रूढीप्रमाणे विधी लागतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलंय, की विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही.

गोदाकाठ
मग सत्यशोधक पद्धतीचं, भटजीशिवायचं लग्न?

वकीलवाडा
रूढी म्हणून त्याचं समर्थन करता येतं, पण वाद झाला तर ती रूढी सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर. तामिळनाडूने १९६७ मध्ये कलम ७-अ घालून स्वाभिमान विवाहांना सरळ मान्यता दिली: हार किंवा अंगठी घातली, किंवा ताली बांधली, साक्षीदारांसमोर एकमेकांना स्वीकारलं की पुरे, भटजी नको. महाराष्ट्रात, जिथे सत्यशोधक लग्नं त्याच्या कितीतरी आधी लागली, असं कलम नाही. म्हणून माझा सल्ला: समारंभ सत्यशोधक करा, मनसोक्त करा, पण त्याआधी विशेष विवाह कायद्याखाली सह्या करून या.

वारशाबद्दलही लोक घाबरतात. दोघेही जन्माने हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीमुळे या लग्नाने वारसाहक्क बदलत नाही, एकत्र कुटुंबातूनही फुटत नाही. जोडीदार त्या बाहेरचा असेल तर भारतीय वारसा कायदा, १९२५ लागतो. आणि हो, हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्याला हिंदूच दिसतो. देव मानणं ही अट तिथे नाहीच.

सलीमचाचा
मुस्लिम घरातल्या नास्तिकाला ही सोय नाही. हिंदू नास्तिकाला त्याचा वैयक्तिक कायदा फारसा टोचत नाही, आमच्याकडे वाटणी तिथेच अडते: मुलीला मुलाच्या निम्मं, आणि मृत्युपत्राने साधारण एक तृतीयांशच देता येतं. त्यातून मार्ग म्हणजे वकीलवाडा सांगतात तोच कायदा. २०२३ मध्ये केरळातल्या एका दांपत्याने लग्नाला जवळपास तीन दशकं झाल्यावर विशेष विवाह कायद्याखाली पुन्हा लग्न केलं, मुलींनाच सगळं मिळावं म्हणून. असं लग्न न केलेल्या नास्तिकाने काय करायचं, हा प्रश्न केरळातल्याच एका महिलेच्या याचिकेतून सर्वोच्च न्यायालयासमोर गेला आहे. ‘देव न मानणारे’ ही एकच जमात धरून चालणाऱ्यांनी हे वाचावं.

चंद्रभागा
सलीमचाचा, हे माहीत नव्हतं. छान लिहिलंत.

निशाचर
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. कोर्टात गीतेवर हात ठेवावा लागतो त्याचं काय?

वकीलवाडा
तो हात फक्त सिनेमात. शपथ कायदा, १९६९ च्या कलम ५ प्रमाणे ईश्वराचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्याबरोबर, शपथ द्यायला सुरुवात होण्याआधी तसं सांगायचं. खोटं बोललात तर शिक्षा दोघांना सारखीच. आमदार-मंत्र्यांनाही हाच पर्याय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहे.

रकाना क्र ६
अर्जांबद्दल मी लिहितो, आयडी बघून तुम्हाला अंदाज आलाच असेल. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं, की कोणताही धर्म न मानण्याचा हक्क घटनेच्या कलम २५ मध्येच येतो आणि सरकार कोणाला धर्म लिहायची सक्ती करू शकत नाही. गंमत म्हणजे याचिका करणारे नास्तिक नव्हते. येशूला मानणारे पण स्वतःला ख्रिस्ती धर्माचे न म्हणवणारे होते. राजपत्रात ‘धर्म नाही’ अशी नोंद करून द्यायला शासकीय मुद्रणालयाने नकार दिला होता. त्याच्या आदल्या वर्षी नाशिकच्या एका शिक्षकाची केसही गाजली होती. शाळेच्या प्रार्थनेला हात जोडले नाहीत म्हणून त्यांची वेतनश्रेणी अडवली होती, निकाल शिक्षकाच्या बाजूने लागला.

व्यवहारात शाळेच्या अर्जात रकाना कोरा सोडला की कारकून आडनाव बघून आपल्या मनाने भरतो, आणि एकदा जनरल रजिस्टरला चढलेली नोंद उतरवणं महाकठीण. म्हणून कोरा सोडू नका, ‘निरंक’ किंवा ‘धर्म नाही’ असं स्पष्ट लिहा, सोबत दोन्ही पालकांच्या सहीचं पत्र जोडा, पोच घ्या.

पण घाई करू नका. अनुसूचित जातीतले असाल तर १९५० च्या आदेशाप्रमाणे तो दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहे. धर्म ‘नाही’ लिहिलंत तर पुढे जात पडताळणीत ते पत्र तुमच्याच अंगावर येऊ शकतं. अनुसूचित जमातींना ही धर्माची अट नाही. ‘धर्म सोडला, रकाना कोरा ठेवला’ असा अभिमान मिरवणं कोणाला स्वस्त पडतं आणि कोणाला महाग, ते यात दिसतं.

जनगणना: २०११ च्या पत्रकात सहा धर्मांना सांकेतांक होते, बाकीच्यांचं नाव पूर्ण लिहायचं होतं. स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले, त्यात महाराष्ट्र सगळ्यात पुढे, साडेनऊ हजारांवर. ‘धर्म सांगितला नाही’ असे मात्र २८ लाखांवर. प्रगणक प्रश्न न विचारताच हिंदू लिहून मोकळा होतो आणि घरातलं जे कोणी दारात असेल तेच सगळ्यांचं उत्तर देतं, तेव्हा हा आकडा खरा धरू नका. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ज्यांना नोंदवायचं आहे त्यांनी त्या फेरीत दारात स्वतः उभं राहावं.

पाटवडी
साडेनऊ हजार? एवढे तर फेसबुकवरच्या एका ग्रुपात असतील.

फॉर्मॅलिन
मरणाचं राहिलं. बहुतेक निरीश्वरवाद्यांचं उत्तर ‘देहदान’ असतं आणि तिथेच बेत फसतो, कारण अर्ज भरला की काम संपलं असं वाटतं. महाराष्ट्रात हे शरीररचनाशास्त्र कायदा, १९४९ खाली चालतं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात अर्ज मिळतो, दोन साक्षीदार लागतात. अर्ज म्हणजे इच्छा. प्रत्यक्ष देह देतात ते नातेवाईक. एकाने जरी दारात रडून विरोध केला तरी कॉलेज देह घेत नाही, घेऊही नये.

मृत्यू झाल्यावर डॉक्टरांकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र घ्यायचं: रुग्णालयात नमुना ४, घरी झाला तर ४-अ. रात्री-अपरात्री घरी येऊन ते देणारा डॉक्टर आधीच ठरवून ठेवलेला नसेल तर सकाळ होते. तेवढ्यात कॉलेजला फोन करून जागा आहे का आणि सुटीच्या दिवशी कोण घेणार हे विचारायचं. शीतपेटी नसेल तर सहा-आठ तासांत पोचवलेलं बरं, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

नाकारतात कधी: अपघात, आत्महत्या किंवा कोणतीही पोलीस केस, शवविच्छेदन झालेलं, एचआयव्ही, कावीळ ब किंवा क, क्षय, जंतुदोष रक्तात पसरलेला, मोठे बेडसोर, कुजायला लागलेला देह. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्यांचा देह याच कारणांनी बऱ्याचदा परत येतो. म्हणून दुसरा बेत हवाच.

नेत्रदान वेगळं, ते बहुतेक वेळा जमतं आणि नंतर देहही देता येतो. सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्या मिटवून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली दोन उशा देऊन डोकं उंच. पथक घरी येतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं चालतं, चष्मा चालतो.

आणि घरच्यांना हे आधी सांगा: देह परत मिळत नाही, अस्थी मिळत नाहीत. विद्यार्थ्यांचा अभ्यास संपल्यावर कॉलेजच विल्हेवाट लावतं. बऱ्याच घरांत हे त्याच दिवशी कळतं आणि मग मोडता येतो.

बोरूबहाद्दर
दुसऱ्या बेताला विद्युतदाहिनी. सावरकरांनी तेच लिहून ठेवलं होतं: विद्युतदाहिनी, विधी नको, दुकानं बंद नकोत. १९६६ मध्ये चंदनवाडीत तसं झालं. त्यांच्या राजकारणाचे चाहते हे पान चटकन उलटतात.

चंद्रभागा
आता माझा दुसरा मुद्दा. देह दिलात, दाहिनीत घातलात, तासाभरात सगळे घरी. पुढचे बारा दिवस काय? दहावं-तेरावं म्हणजे नुसता पिंड नाही. त्या दिवसांत घर माणसांनी भरलेलं असतं, चूल शेजारी सांभाळतात, गेलेल्या माणसाचं नाव सतत तोंडी असतं. तुम्ही विधी काढता तेव्हा हेही जातं.

मेधाविनी
याला खोडायला जात नाही. निरीश्वरवाद्यांचा हा खरा कच्चा दुवा आहे. एक तासाची शोकसभा, तीन भाषणं आणि चहा, यात तो दुःखाचा काळ मावत नाही. ज्यांनी याचा विचार केला त्यांनी संस्थाच उभी केली. आंध्रातले नास्तिक कार्यकर्ते गोरा यांनी १९४० मध्ये मुदुनूरला नास्तिक केंद्र काढलं, ते १९४७ मध्ये विजयवाड्याला आलं. तिथे सहभोजनं, आंतरजातीय लग्नं, आजारपण सगळं एकत्र. आपल्याकडे असं फार थोडं. तोवर निदान एवढं करता येईल: येण्याचे दिवस ठरवून कळवायचे, एकच दिवस ठेवायचा नाही; जेवणाच्या पाळ्या लावून द्यायच्या; ज्याला रामरक्षा म्हणायची त्याला म्हणू द्यायची. गेलेला माणूस नास्तिक होता, उरलेले सगळे असतीलच असं नाही.

निशाचर
आणि सासरी तीर्थ पुढे आलं तर?

सलीमचाचा
प्या आणि पुढे सरका. शिरखुर्मा आणि पंचामृत यावर सैद्धांतिक मतभेद ठेवू नयेत.

रकाना क्र ६
लग्नाआधी ठरवा, ऐन पूजेत नाही. काय करणार (येईन, जेवेन, आवराआवर करेन) आणि काय नाही (पूजेला बसणार नाही, मुलांवर सक्ती होऊ देणार नाही) एवढं स्पष्ट असलं की निम्मी भांडणं टळतात. आणि देवघरासमोर उभं राहून कुमारिल सांगू नका.

गोदाकाठ
सर्वांचे आभार. ‘आयुष्याला अर्थ काय’ हे कोणीच लिहिलं नाही हे लक्षात आलंय.

मेधाविनी
बाहेरून दिलेला अर्थ नाही, हे उत्तर. काम, माणसं, उत्सुकता यांतून जो लागतो तो लागतो, आणि एखाद्याला नाही लागत. देव मानणाऱ्यांतही सगळ्यांना तो लागलेला असतो असं दिसत नाही.

गोदाकाठ
बरं, शेवटचं. अंत्यविधी आणि देहदानाच्या सूचना मृत्युपत्रात लिहिल्या तर चालतील ना?

वकीलवाडा
लिहू नका. मृत्युपत्र उघडेपर्यंत सगळं उरकलेलं असतं. वेगळ्या साध्या कागदावर लिहा, स्टॅम्प नको. असा कागद नातेवाइकांवर कायद्याने फारसा बंधनकारक ठरत नाही, म्हणून जे विरोध करतील असं वाटतं त्यांचीच साक्षीदार म्हणून सही घ्या.

फॉर्मॅलिन
+१. त्यावर कॉलेजचा, नेत्रपेढीचा आणि त्या डॉक्टरचा फोन नंबर लिहा. एक प्रत फ्रिजवर, एक शेजाऱ्यांकडे. लॉकरमध्ये ठेवू नका, बँक दहाला उघडते.